हात न जोडणारे सर

आमच्या शाळेत एक सर होते, ते प्रार्थनेला हात जोडत नसत.

पुसदची शाळा, एका संस्थेची, अनुदानित. नाव मुद्दामच लिहीत नाही. अकराची घंटा झाली की मैदानावर रांगा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग सुविचार आणि दिनविशेष. टेबलावर सरस्वतीचा फोटो, त्याला कालचा हार, समोर उदबत्ती. बाजूला सगळे शिक्षक एका रांगेत हात जोडून, डोळे मिटून (किंवा मिटल्यासारखे करून) उभे. आणि रांगेच्या अगदी टोकाला हे सर. हात सरळ खाली, डोळे उघडे. राष्ट्रगीताला उभे राहतात तसेच. चुळबुळ नाही की चेहऱ्यावर कसला आव नाही. गणित शिकवायचे, आणि फार चांगलं शिकवायचे.

१९९२ साली मी सातवीत होतो आणि मॉनिटर होतो. सुविचार वाचायला समोर उभा असायचो, त्यामुळे शिक्षकांची रांग मला पूर्ण दिसायची. (मी डोळे मिटत नव्हतो, कारण कोण डोळे उघडतंय ते बघणं माझं काम होतं. मॉनिटरचं लॉजिक!) एक दिवस मी जाऊन हेडसरांना सांगितलं की अमुक सर हात जोडत नाहीत. हेडसरांनी ऐकून घेतलं, 'बरं, जा वर्गात' म्हणाले. पुढच्या सोमवारपासून सरांना प्रार्थनेच्या वेळी गेटवर ड्यूटी लागली. उशिरा येणाऱ्या पोरांची नावं लिहायची. मी घरी फुशारकीने हे सगळं सांगितलं. आजी भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "तुले काय कराचं होतं रे बापा? त्यायचे हात, त्यायची मर्जी."

विषय तिथे संपला. माझ्यापुरता तरी.

तो पुन्हा निघाला २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये. ऑफिसात बिल्ड चालू होता, म्हणजे अर्धा तास काही काम नाही, म्हणून बातम्या वाचत होतो. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला होता. नाशिकच्या सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालयातले शिक्षक संजय साळवे. बौद्ध. शाळेच्या प्रार्थनेला ते इतरांबरोबर उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. शिक्षकाला बारा वर्षं सेवा झाली की वरिष्ठ श्रेणी मिळते, ती त्यांना नाकारली गेली. कारण काय, तर बेशिस्त! ते कोर्टात गेले. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने सांगितलं की प्रार्थनेला हात जोडायची सक्ती शिक्षकावर करता येत नाही, तशी सक्ती म्हणजे त्याच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, आणि ही बेशिस्त होऊच शकत नाही.

बिल्ड फेल झाला होता, पण माझं लक्ष नव्हतं. मला गेट आठवत होतं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी जमेल तसं या विषयावर वाचत आलोय. मी काही इतिहासकार नाही. पण एक गोष्ट सारखी जाणवते. शाळेतल्या देवांवर आपल्याकडे भरपूर वाद झालेत. सरकार बोललं, पक्ष बोलले, पालक बोलले, विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केले. ज्याने रोज सकाळी ती उदबत्ती लावायची, त्या मास्तरला मात्र कोणी विचारलं नाही. आणि गंमत म्हणजे आमचा पुसदचा कोपरा या सगळ्या भानगडीच्या अगदी मधोमध येतो.

सुरुवात जरा मागून करू. जुन्या पंतोजींच्या शाळेत देव आणि अक्षर वेगळे नव्हतेच. धुळाक्षरं गिरवायची सुरुवात 'ॐ नमः सिद्धम्' ने, त्यावरून तर 'ओनामा' हा शब्द आला. दसऱ्याला पाटीवर एक-एकचे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि तिला हळदकुंकू वाहायचं, हे माझ्या पिढीनेही केलंय. यात कोणाला काही खटकायचं कारण नव्हतं, कारण ज्यांना खटकलं असतं ती मुलं शाळेच्या आतच नव्हती. (हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. पण ते खरं आहे.)

मग इंग्रज आले. वऱ्हाड त्यांच्याकडे आला १८५३ मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५४ ला, वुडचा खलिता निघाला. त्यात एक मजेशीर तरतूद आहे. सरकारी शाळांतलं शिक्षण धर्मनिरपेक्ष असेल. बायबल ग्रंथालयात ठेवायला हरकत नाही, मुलांनी आपणहून वाचायला आणि प्रश्न विचारायलाही हरकत नाही, आणि शिक्षकाने उत्तर द्यायलाही नाही, पण शाळेच्या वेळेबाहेर. म्हणजे घंटा झाल्यावर मास्तर सरकारचा, घंटा संपल्यावर स्वतःचा. आजही आपण यापेक्षा फार पुढे गेलोय असं मला वाटत नाही.

जोतीराव फुल्यांनी मात्र नेमकी जागा हेरली. १८६९ मध्ये त्यांनी शिक्षण खात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पवाडा लिहिला, आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनातही प्राथमिक शिक्षक बहुतेक सगळे एकाच जातीचे आहेत, हे दुखणं मांडलं. खात्याची पुस्तकं कितीही तटस्थ असोत, वर्गात उभा असलेला माणूस तटस्थ नसेल तर काय उपयोग? आणि त्याच फुल्यांच्या घरातलं नाव लावणाऱ्या शाळेत, सव्वाशे वर्षांनी, एका शिक्षकाला हात जोडले नाहीत म्हणून पगाराची श्रेणी नाकारली जाते. असो.

आता १९३८. हे वर्ष मला सगळ्यात जास्त झपाटून गेलं.

पुसदहून दक्षिणेला निघालं की उमरखेड लागतं आणि उमरखेडच्या पुढे पैनगंगा. आज पूल ओलांडला की नांदेड जिल्हा, हदगावचा रस्ता. कंडक्टर काही तुम्हाला उठवून सांगत नाही की सीमा आली. पण तेव्हा अलीकडे ब्रिटिश अमलातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड, पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. त्यातही मेख अशी की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच. १९०२ मध्ये तो इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिलेला. १९३६ च्या करारात तर निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' असा किताब मिळाला, आणि वऱ्हाडात युनियन जॅकच्या शेजारी निजामाचा झेंडा लावायचंही ठरलं. म्हणजे आमचे पणजोबा दोन झेंड्यांखाली राहत होते आणि तिसऱ्याची, तिरंग्याची, वाट बघत होते.

अलीकडच्या तीरावर १९३७ पासून काँग्रेसचं मंत्रिमंडळ. रविशंकर शुक्ल आधी शिक्षणमंत्री, १९३८ मध्ये मुख्यमंत्री. त्यांनी 'विद्यामंदिर' योजना काढली. गावाने जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. शिक्षकाला महिना पंधरा रुपये, आणि त्याने दीर्घकाळ सेवेची हमी द्यायची. वर्ध्याला या शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा निघाली, तिथे १९३८ मध्ये गांधीजींचं भाषणही झालं. कल्पना वाईट नव्हती. पण भांडण लागलं नावावरून. मुस्लिम लीगचं म्हणणं, आमच्या मुलांनी 'मंदिरात' का जायचं? सरकारचं म्हणणं, अहो, मंदिर म्हणजे घर, वास्तू. मराठी माणसाला हे पटकन पटतं, कारण आपल्याकडे नाट्यमंदिर आहे, वाचनमंदिर आहे. पण शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो तेवढाच नसतो. ज्याला त्या दारातून आत जायचंय त्याला तो शब्द कसा ऐकू येतो, हेही मोजावं लागतं. लीगने नेमलेल्या पीरपूर समितीचा अहवाल १९३८ च्या शेवटी आला. त्यात विद्यामंदिर, शाळेत 'वंदे मातरम्', गांधींच्या तसबिरीची पूजा अशा तक्रारींची यादी आहे. अहवाल राजकीय होता, फुगवलेलाही होता, काँग्रेसने तो फेटाळलाही. पण काँग्रेस कार्यकारिणीने स्वतःच ऑक्टोबर १९३७ मध्ये 'वंदे मातरम्'ची पहिली दोनच कडवी म्हणायची असं ठरवलं होतं. म्हणजे काहीतरी टोचतंय हे त्यांनाही कळलं होतं.

आता पूल ओलांडा. तेच वर्ष, तेच गीत. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातले हिंदू विद्यार्थी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याला बंदी झाली. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच. मुलं ऐकेनात, तेव्हा शेकडो जणांना काढून टाकलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना नागपूर विद्यापीठाने दारं उघडली. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे त्याच आंदोलनातले. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातली एक अख्खी पिढी या वर्गाबाहेर काढलेल्या पोरांमधून उभी राहिली.

म्हणजे बघा. नदीच्या एका काठावर तेच गाणं म्हणायला लावतात म्हणून लोक चिडलेत, दुसऱ्या काठावर तेच गाणं म्हणू देत नाहीत म्हणून चिडलेत. आपल्याला लहानपणी यातली एकच बाजू शिकवली जाते, कोणती ते कुठे राहता त्यावर. मला तर दोन्ही बाजूंचे विद्यार्थी बरोबर वाटतात. खरंच. आणि दोन्हीकडे हुकूम अमलात आणणारा शेवटी शिक्षकच. इकडे त्याने सूर लावायचा, तिकडे कोण गातंय त्याची नावं द्यायची. माझ्यासारखा मॉनिटर. उमरखेडचा मास्तर आणि हदगावचा मास्तर यांची बदली आपसात केली असती तर दोघांना एका रात्रीत आपली देशभक्ती उलटी करावी लागली असती!

हे सगळं ताजं असतानाच संविधान सभा बसली. डिसेंबर १९४८ मध्ये शाळेतल्या धर्मशिक्षणावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सरकारी शाळेत ते का नको याची कारणं सांगितली. सगळ्यांच्या कराचा पैसा एका धर्माच्या शिकवणीवर कसा खर्चायचा, इतक्या धर्मांची सोय एका शाळेत कशी करायची, आणि तिसरं जरा झोंबणारं, की आपल्याकडचे धर्म एकमेकांना सामावून घेणारे नाहीत, मीच खरा म्हणणारे आहेत. त्यातून कलम २८ झालं. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत असेल, तर तिथे 'हजर असणाऱ्या' कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावायचं नाही. हे वाचताना सगळ्यांच्या डोळ्यासमोर विद्यार्थी होता. शिक्षकही तिथे रोज हजरच असतो, हे २०१३ च्या निकालाने ठळकपणे सांगितलं. इतकी साधी गोष्ट, आणि त्रेसष्ट वर्षं!

पण आमच्या सरांची गोष्ट समजायला कलम २८ पुरत नाही. त्यासाठी दोन तारखा लागतात.

पहिली, १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरची दीक्षाभूमी. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, असं स्पष्ट आहे. विदर्भातल्या लाखो लोकांनी ते उच्चारलं. त्यांची मुलं शिकली, आणि शिकलेल्या पहिल्या पिढीला मिळणारी नोकरी बहुतेकदा मास्तरकीचीच. म्हणजे ज्यांनी किंवा ज्यांच्या आईबापांनी सभेत उभं राहून शपथ घेतलीय, असे शिक्षक साठ-सत्तरच्या दशकात शाळाशाळांत रुजू होऊ लागले. आणि तिथे टेबलावर तोच फोटो, गणपतीला तीच आरती, दसऱ्याच्या आधी तेच पाटीपूजन. इतरांना ती शाळेची पद्धत वाटते. या माणसासाठी मात्र तो मोडायचा किंवा पाळायचा शब्द.

दुसरी तारीख १ मे १९६२, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तो दिवस. यात पुसदचा थेट हात आहे. ज्या समितीच्या अहवालावर त्या उभ्या राहिल्या तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक, आमच्या शेजारच्या गहुलीचे, पुढे १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री. पुसदमध्ये त्यांच्याबद्दल वाकडं बोललेलं चालत नाही, आणि मी बोलणारही नाही, कारण गावोगाव शाळा पोचल्या त्या यामुळेच. पण प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचा झाला, आणि गावोगाव खाजगी संस्थांच्या शाळा निघाल्या तिथला शिक्षक संस्थाचालकांचा. शिक्षकाचा साहेब आता लांबचा इन्स्पेक्टर नव्हता. तो गावातला माणूस होता, त्याच्याच मोहल्ल्यातल्या गणपती मंडळाचा अध्यक्ष असू शकत होता. बदली, गोपनीय अहवाल, वरिष्ठ श्रेणी, सगळं जवळच्या माणसांच्या हातात. हात जोडायचा प्रश्न आता संविधानाचा राहिला नाही, ओळखीपाळखीचा झाला.

म्हणून मग गेटवरची ड्यूटी. तुमच्याही शाळेत असं काहीतरी असणार. कोणाला त्याच वेळी खडू आणायला पाठवलेलं असतं, कोणी हजेरीपट भरत बसतं, एखाद्या मुस्लिम बाईंना 'तुम्ही ऑफिसात थांबा, फोन येणार आहे' असं सांगितलेलं असतं. पूर्वी मला हा दांभिकपणा वाटायचा. आता तितकं खात्रीने म्हणता येत नाही. भांडण न होता वीस-वीस वर्षं निघून जातात ती अशा अ‍ॅडजस्टमेंटवरच. फक्त त्यात एक बग आहे. हे सगळं समोरच्याच्या मर्जीवर चालतं. हेडमास्तर बदलला, किंवा एखादा आगाऊ मॉनिटर तक्रार घेऊन आला, की सिस्टीम क्रॅश.

वरच्या पातळीवर तर आपण हा विषय नेहमी फोटोपुरताच ठेवतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये दिल्लीत राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद सरस्वती वंदनेवरून गाजली, काही मंत्री उठून बाहेर गेले. मंत्र्यांना बाहेर जाता येतं, मास्तरला नाही. जानेवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रात शाळा आणि सरकारी कार्यालयांतून देवादिकांचे फोटो काढायचं परिपत्रक निघालं आणि गदारोळ होताच त्याच महिन्यात मागे घेतलं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये छगन भुजबळ म्हणाले की शाळेत सरस्वतीऐवजी सावित्रीबाई, जोतीराव, शाहू महाराज, बाबासाहेब यांचे फोटो लावा. पुन्हा गदारोळ. मला विचाराल तर ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो बघून मला जे वाटतं ते सरस्वतीचा बघून वाटत नाही. पण उद्या त्या फोटोपुढे कोणी हात जोडले नाहीत म्हणून कोणाची श्रेणी अडली, तर आपण नाशिकलाच परत आलो. तिथे शाळेवर नाव सावित्रीबाईंचंच होतं की.

परदेशातल्या मित्रांशी बोलताना एक उलटं चित्र दिसतं. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात २०१९ साली कायदा झाला की सरकारी शाळेतल्या शिक्षकाने कामावर असताना धर्मचिन्ह घालायचं नाही. पगडी, हिजाब, क्रॉस, काहीच नाही. तिथे सरकार शिक्षकाला म्हणतं, अंगावरचं काढून ये. आपल्याकडे कुंकू, टोपी, टिळा, निळा बॅज, यातलं काही घालून शिकवलंत तरी सहसा कोणी अडवत नाही (विद्यार्थिनींच्या हिजाबची गोष्ट वेगळी, तो २०२२ पासूनचा स्वतंत्र लेखाचा विषय आहे). आपण शिक्षकाला म्हणतो, समोर जे ठेवलंय त्याला नमस्कार कर. दोन्हीकडे समजूत एकच, की शिक्षकाचं शरीर हे शाळेच्या भिंतीसारखं आहे, त्यावर काय असावं ते आम्ही ठरवू.

गेल्या दिवाळीत पुसदला गेलो होतो. भाजीबाजारात सर भेटले. रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत, हातात मेथीची जुडी आणि डोक्यावर तीच गोल कॅनव्हासची टोपी. मला ओळखायला जरा वेळ लागला. चहा घेतला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी नाशिकच्या निकालाचा विषय काढला. त्यांना माहीत होता, कात्रण जपून ठेवलंय म्हणाले. मग मी हळूच विचारलं, "सर, तुम्हाला प्रार्थनेच्या वेळी गेटवर ड्यूटी असायची ना?"

"हो. कोणीतरी तक्रार केली होती म्हणे. हेडसरांनी मला बोलावून विचारलं, गेटवर चालेल का तुम्हाला. चांगला माणूस होता तो. वरिष्ठ श्रेणीला दोन वर्षं बाकी होती माझ्या. मी हो म्हटलं."

मग थोडं थांबून म्हणाले, "उशिरा यायची ती पोरं बहुतेक तांड्यावरची असायची. चालत यायची ना. मी नावं लिहायचो नाही त्यायची. वही कोरीच राहायची."

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. तक्रार कोणी केली होती, ते मी सांगितलं नाही.